मोहाच्या पाड्याची वाट

"गाडी डांबरावर किती चालणार आणि चिखलात किती, ते आधी सांगा ताई," झुंबरशेठ म्हणाले. "मग टायर कुठले घ्यायचे ते मी सांगतो."

सुवर्णाताई उत्तर घरूनच ठरवून आल्या होत्या. "चिखलातून बाहेर काढणारे द्या. सगळ्यात दणकट."

दुकानाच्या दारात त्यांची जिप्सी उभी होती. जुनीच, पण फोर बाय फोर. नोटांच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झाल्यावर त्यांच्या मैत्रिणींनी सहली केल्या, दागिने केले. सुवर्णाताई ड्रायव्हिंग शिकल्या आणि ही गाडी घेऊन आल्या. नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत लोक हसले. या वयात बाईला एकटीला कुठले डोंगर चढायचेत, असं समोरच्या घरातून ऐकूही आलं. पण डोंगर खरंच चढायचा होता.

पेठच्या पुढे, मोहाच्या पाड्यावरच्या शाळेत त्यांचा मुलगा बुद्धभूषण शिक्षक होता. तिकडच्याच एका शिक्षिकेशी त्याने लग्न केलं, सृष्टी तिकडेच झाली. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलच्या जयंतीला, तो बायको-मुलीला घेऊन घरी यायचा. बाकी सगळी भेट मोबाइलवर. सृष्टी दिसायची, तिच्या मागे एक निळी खिडकी दिसायची, आणि मध्येच रेंज जायची. मग त्या खिडकीबाहेर काय असेल, झाड असेल की नुसता डोंगर, याचा विचार करत सुवर्णाताई कितीतरी वेळ फोन हातात धरून बसायच्या.

"मीच येते रे तिकडे," असं त्या दर वेळी म्हणायच्या.

"शेवटचा पट्टा फार वाईट आहे आई. नुसता चिखल. रस्ता झाला की सांगतो, मग ये."

रस्ता काही होत नव्हता. शेवटी त्यांनीच गाडी घेतली.

झुंबरशेठनी तीन टायर बाहेर घरंगळत आणले. एक गुळगुळीत, हायवेचा. एक मधला, दोन्हीकडे चालणारा. तिसरा काळाकभिन्न, खोल खाचांचा. "हा चिखलातून ओढून काढेल," ते म्हणाले, "पण डांबरावर घरघर करतो, लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर घसरतो. गरज असेल तरच घ्या."

सुवर्णाताईंनी वाकून खाचेत बोट घातलं. पेरभर आत गेलं. त्यांना एकदम बरं वाटलं. आता पोचणारच आपण.

"जायचं कुठे एवढं?"

"मोहाच्या पाड्याला. पेठच्या पुढे."

बाकावर एक पिकअपवाला पंक्चर निघायची वाट बघत बसला होता. सहादू त्याचं नाव. तिकडचा भाजीपाला तो नाशिकला आणायचा. नाव ऐकून त्याने मान वर केली. "मोहाचा पाडा? मग हे कशाला घेता, मावशी? तिथं डांबर झालंय. दोन पावसाळं झालं की. पार शाळंपर्यंत हाय. भूषण गुरुजींच्या दारावरनं तर रोजची माझी खेप."

सुवर्णाताई टायरवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. परवाच तर भूषण म्हणाला होता, नुसता चिखल.

आधी त्यांना राग आला. रडूही आलं असतं, पण दोन पुरुष बघत होते. त्या बाकाच्या टोकाला टेकल्या. आणि मग त्यांना आपलेच फोन आठवायला लागले. जेवलास का, सृष्टीचा खोकला कसा आहे, इथपर्यंत ठीक. पुढे हटकून तेच. बदली करून घे. मी बोलून ठेवलंय. खोली रंगवून ठेवलीय तुमची. गेल्या जयंतीला तर त्या कुणाला न विचारता सृष्टीला जवळची शाळा दाखवून आल्या होत्या, बाईंशी प्रवेशाचं बोलूनही आल्या होत्या. भूषण एक शब्द बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीने तिघं परत गेले. खरं तर अजून दोन दिवस राहणार होते.

रस्ता झाला म्हटलं असतं तर आई आली असती. आणि आई आली असती तर परत चल म्हणाली असती. पोराला तेवढंच टाळायचं होतं.

त्यांनी फोन लावला.

"भूषण, टायर घ्यायला आलेय. तो शेवटचा पट्टा अजून तसाच आहे ना रे?"

"हो आई. तसाच आहे."

सहादू काही बोलणार होता. सुवर्णाताईंनी हातानेच त्याला थांबवलं.

"बरं. मग मी चिखलाचेच घेते. हळूहळू येईन. दोन दिवस राहीन, सृष्टीशी खेळेन आणि जाईन. तुमच्या त्या खोलीत मी माझं शिवणाचं मशीन ठेवलंय आता. बदलीचं बोलणार नाही, भूषण. तुझं घर बघायचंय फक्त."

रेंज गेली असं वाटून त्यांनी फोन कानापासून काढून पाहिला. गेली नव्हती. लांबून सृष्टीचा आवाज येत होता, कुणाला तरी हाका मारत होती.

"घेऊ ना मग?" त्यांनी विचारलं.

"नको आई," भूषण म्हणाला. "साधेच घे. रस्ता झालाय."