गद्दार

२००६ साली न्यूझीलंडच्या लोअर हट गावातल्या आमच्या साध्या कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीमचा हुकमी बॅट्समन रेवी याला एका श्रीमंत कॉलेजने फी माफ करून उचललं. रेवी माझ्या मुलाचा, टीमचा पिचर असलेल्या सुमेधचा जिवलग, रोज आमच्याच टेबलावर पोळ्या हाणायचा. तरी माझे सासरे भाऊसाहेब आठवडाभर नातवाच्या कानीकपाळी ओरडत होते, "गद्दाराला सोडू नकोस!"

शनिवारी त्याच श्रीमंत कॉलेजविरुद्धच्या मॅचमध्ये रेवी समोर बॅट घेऊन उभा राहिला आणि सुमेधने पहिलाच बॉल सरळ त्याच्या तोंडावर मारला. रेवी गुडघ्यांवर कोसळला. ओंजळीत रक्त आणि त्यात त्याचेच दोन दात. भाऊसाहेब खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. सुमेध धावत आमच्यापाशी आला.

तेवढ्यात त्या श्रीमंत कॉलेजचा कोच रेवीला ओलांडून तरातरा आमच्याकडे आला. हा आता मारणार म्हणून मी सुमेधला मागे ओढलं. कोच मात्र हसत म्हणाला, "काय आर्म आहे याचा! याला आमच्याकडे पाठवा. फी माफ, हॉस्टेलही फुकट."



भाऊसाहेबांच्या टाळ्या थांबल्या. "सूनबाई, त्याला विचार, हॉस्टेलात शाकाहारी जेवण मिळतं का?"