द्राक्षांवरचा अंगठा

हातमोजे. मण्यांवरची पांढुरकी झाक. कादंबरीचं दुमडलेलं पान. भावाची धमकी, "त्या टेम्पोवाल्याशी पुन्हा बोललीस तर बघ."

पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये मंजुषा द्राक्षांचे घड देठाला धरून पेटीत भरत होती. बोट लागलं की झाक पुसते, माल परत येतो.

मन मात्र कादंबरीत होतं. तिथल्या नगरीत खालच्या वस्तीने वरच्या वस्तीला शिवायचं नाही. शिवलं, तर बोटांवरच्या रेषाच पुसून टाकतात. तरी खालच्या वस्तीतल्या इराने भर चौकात वरच्या वस्तीतल्या प्रियकराचा हात धरला. काय छातीची पोर! तिच्याच जोरावर काल मंजुषाने टेम्पोवाल्या ज्ञानेशचा हात धरला होता.

"मंजे, मण्यांना बोट कुणी लावलं गं?" शेजारच्या सिंधुबाई ओरडल्या.

पेटीतल्या मण्यामण्यावर अंगठा उमटला होता. रेषा न् रेषा स्पष्ट.

"मावशी, माझ्या हातात मोजे आहेत."

"मग काय तुझ्या पुस्तकातली इरा आली व्हती?"

मंजुषाने हसत दुसरी, बंद पेटी उघडली. तोच अंगठा. रेषांना छेदणारा आडवा व्रण. लहानपणी छाटणीच्या कात्रीने तिच्याच अंगठ्याला झालेला.

ती हळूहळू मोजा काढू लागली.

सकाळी हजेरीच्या यंत्राने तिचा अंगठा घेतला नव्हता.