दोन्ही सारख्याच

त्या आठवड्यात परत आलेला हा चौथा चष्मा होता. शाळेतल्या बाईंनी तो काउंटरवर ठेवला आणि मागच्या बाकावरच्या वह्या काय, फळ्यावरचं स्वतःचं अक्षरही पुसट दिसतं म्हणून सांगितलं. दुकानाचे मालक काका, त्यांनी चष्मा उजेडात धरून पाहिला. काचा लिहून दिलेल्या नंबराच्याच होत्या. म्हणजे नंबरच चुकला होता.

तीस वर्षं त्यांच्या नंबराला कोणी नाव ठेवलं नव्हतं. आणि ठेवायची सोयही नव्हती, कारण काका नाकावर माशी बसू देणारे नव्हते. सख्ख्या बहिणीने एकदा चारचौघांत म्हटलं, दादा घोरतो फार, तर त्यानंतर सहा वर्षं ते तिच्या घराची पायरी चढले नाहीत.

डोळे तपासायची खोली चार पावलांची. गिऱ्हाईक खुर्चीत. शेजारी उभी राहून दुकानातली मदतनीस ताई त्याच्या नाकावरच्या फ्रेममध्ये काचा बदलायची आणि काका समोरून टॉर्च घेऊन वाकायचे. मग विचारायचे, "ही काच बरी, की ही?" हल्ली प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर यायचं, दोन्ही सारख्याच. लोक मान मागे घेत, श्वास धरून बसत आणि नंबर मिळाला की सुटल्यासारखे बाहेर पळत. घाईच्या उत्तरावर घाईचा नंबर निघत होता.

काकांना वाटलं, आपलीच नजर गेली. बाई गेल्यावर त्यांनी ताईला सांगून टाकलं, की या महिन्याअखेर खुर्ची सोडायची, दुकान कोणाला तरी देऊन टाकायचं. सांगताना दोनदा खाकरावं लागलं. हल्ली घशात सारखं काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. खुर्ची सोडून हा माणूस घरी काय करील, हे ताईला कळेना. पंधरा वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती, काम तिथेच शिकली होती. ती हातातल्या फ्रेमचा स्क्रू आवळत राहिली.

दोन दिवसांनी सकाळी शटर वर करता करता ती म्हणाली, "काका, तुमची नजर शाबूत आहे. लोक पळतात ते वासाने. माझ्या तोंडाला वास येतो."

काका चपापले. त्यांना तर कधी आला नव्हता, तसं ते म्हणालेही. रोजच्या वासाला नाक सरावतं, असं तिने सांगितलं. मग घशाच्या डॉक्टरांना विचारून आणलेल्या कागदावर बघत बघत सगळंच सांगितलं. टॉन्सिलला बारीक खळगे असतात. त्यात अन्नाचे कण आणि जंतू साचतात, घट्ट होतात आणि त्यांचे खडे बनतात. दात कितीही घासा, वास तिथूनच येतो. आणि लोक तोंडावर बोलत नाहीत, नुसतं तोंड फिरवतात.

स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःच्या तोंडाने सांगायचा म्हणजे छाती लागते. काकांना तिचं मनापासून कौतुक वाटलं. नजर आपली शाबूत आहे, हा आनंदही त्यात होताच.

उपाय साधे होते. खाल्लं की कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या, रोज जीभ घासणं, दिवसभर पाणी पिणं. पिनेने किंवा काडीने घशात टोचायचं मुळीच नाही. एवढ्याने भागलं नाही, तर पुन्हा डॉक्टर. पण ताईची एक अडचण होती.

"एकटीने गुळण्या करायची लाज वाटते हो. तुम्हीही करा ना सोबत."

"मला काय धाड भरलीय?"

"काही नाही. म्हणून तर सोबत म्हणतेय."

तेव्हापासून जेवण झालं की दोघं मागच्या बेसिनपाशी उभे राहू लागले. काकांची गुळणी म्हणजे थंडीत स्कूटर सुरू करावी तशी. पहिले काही दिवस काचा घासणारा कारागीर काम सोडून ऐकायला यायचा. ताई मधूनच म्हणायची, आज जीभ घासायची राहिलीच बाई माझी, तुमची झाली का? मी कशाला विसरतोय, असं काका चिडून म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी खरंच विसरायचे नाहीत.

एकदा बेसिनच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा दाणा दिसला. ताईला ओशाळल्यासारखं होऊ नये म्हणून काकांनी गुपचूप नळ सोडला. रात्री मात्र बायकोला सांगितल्यावाचून राहवेना. बिचारी किती नेटाने करतेय, म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "तिला म्हणावं, मध्येच सोडू नकोस."

दोन महिन्यांत खोलीतलं बोलणं लांबलं. लोक सावकाश बसू लागले. ही जरा बरी, नाही, थांबा, ती मघाची परत दाखवा, म्हणू लागले. चष्मे परत येईनासे झाले. शाळेतल्या बाई नवऱ्यालाही घेऊन आल्या. खुर्ची सोडायची गोष्ट काकांनी पुन्हा काढली नाही. ताईचं गुपितही बायकोपलीकडे जाऊ दिलं नाही.

मग एक दिवस घशाचे म्हातारे डॉक्टर चष्म्यासाठी आले. अर्धं गाव लहानपणी त्यांच्यापुढे आ करून बसलेलं. तपासणी झाली, ताई फ्रेम घेऊन बाहेर गेली, तसं काकांनी दार लोटलं.

"डॉक्टर, तुमचे आभार मानायचे होते. आमच्या ताईच्या घशातले खडे गेले. पोरीने धीर केला. दुसरं कोणी असतं, तर तोंड लपवून बसलं असतं."

"ताईच्या घशातले?" डॉक्टर म्हणाले. "आली होती खरी, सगळं विचारून कागदावर उतरवून घेऊन गेली. पण तिला कुठून होणार खडे? नऊ वर्षांची होती, तेव्हाच मी तिचे दोन्ही टॉन्सिल काढलेत."