लिदीचा खड्डा

काकांनी अखेर बंगला सोडला. पण तो विषय आपण काढायचाच नाही. समजा, अजून काही झालेलंच नाही, काका अजून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेत आणि पुतणीने टेबलावर पागेचा नकाशा पसरलाय.

काकांची अट एकच होती: वीस घोड्यांची पागा बांधायची, पण ती बांधल्यासारखी दिसता कामा नये. आर्किटेक्ट पुतणीने छप्पर टेकडीच्या उताराबरोबर उतरवलं, भिंतींना तिथलाच दगड घेतला, एकही झाड तोडलं नाही. काका खूश. चौदा वर्षांपूर्वी याच जागेवरचा तिच्या वडिलांचा तबेला त्यांनी 'वास येतो' म्हणून पाडायला लावला होता, एकुलती एक घोडी विकायला लावली होती. काका ते विसरून गेले होते. वडील अजून खिडकीशी बसून असतात.

"हे काय?" काकांनी फाटकाजवळच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"लिदीचा खड्डा."

"फाटकाशी? अगं, पाहुण्यांच्या नाकाशी घाण? हेच शिकलीस का?"

"मग कुठे घेऊ, काका? पूर्वेला तळं, उत्तरेला झाडं, दक्षिणेला रिंगण."

काकांनी तिच्या हातातली पेन्सिल ओढली आणि बंगल्याच्या मागे, पश्चिमेच्या रिकाम्या कोपऱ्यात ठसठशीत चौकोन काढला. "इथे. एवढं साधं सुचत नाही तुम्हाला."

"नाही सुचलं," ती म्हणाली. त्या कोपऱ्यात उभं राहून तिने तीन महिने वाऱ्याची नोंद ठेवली होती. "इथे सही करा."

काकांनी सही ठोकली आणि छाती भरून श्वास घेतला. "वारा बघ कसा येतो. थेट झोपायच्या खोलीत."

"त्याला अडवायचं नाही, काका. निसर्गाशी जुळवून घ्यायचं."

घोडे आले. सव्वा महिन्याने काकांनी सरकारी कार्यालयात एक अर्ज दिला. त्याची प्रत पुतणीने फ्रेम करून वडिलांच्या खिडकीशेजारी लावली आहे:

"विषय: वाऱ्याची दिशा बदलून मिळणेबाबत. महोदय, सदर वारा पश्चिमेकडून येत असल्याने अर्जदारास झोप लागत नाही. खड्ड्याची जागा अर्जदाराने स्वतः ठरवली असल्याने ती चुकीची असू शकत नाही. तरी यापुढे वारा पूर्वेकडून सोडण्यात यावा, ही नम्र विनंती."