बार्लोसाहेबाचा गुडघा

"दबाव मत, गुनाजी. सिर्फ बांधो," बार्लोसाहेब दात आवळून म्हणाला.

कल्याणच्या इंजिनशेडमागे, मैदानाच्या कडेला, गुणाजी खलाशी साहेबाचा उजवा गुडघा मांडीवर घेऊन बसला होता. हळद आणि अंड्याचा लेप लावून झाला होता, वर पट्टा चढत होता. अंगठ्याखाली गुडघ्याची वाटी सरकली आणि गुणाजीचा हात थांबला. आतलं सगळं झिजून गेलं होतं. असा सांधा त्याने म्हाताऱ्या बैलांचा पाहिला होता. त्या बैलांना मग कोणी जुंपत नसे.

मैदानात पलटणीच्या गोऱ्यांचा संघ चेंडू लाथाडत अंग मोकळं करत होता. सामना संपला की सुपरिंटेंडंटसाहेब मुंबईच्या फुटबॉल सामन्यांसाठी रेल्वे कंपनीच्या संघाची अकरा नावं लिहिणार होता. त्यात बार्लोचं नाव आलं नाही, तर पुढच्या महिन्यात त्याचा करार संपत होता आणि त्याला बोटीत बसवून परत धाडणार होते. फिटर म्हणून तो बेताचाच. कंपनीने त्याला एवढा समुद्र ओलांडून आणला तो पायांसाठी, हे शेडमधल्या इंजिनांनाही ठाऊक होतं.

विलायतेत एका गिरणगावच्या संघात बार्लो नऊ हिवाळे बॅक खेळला. वरच्या रांगेतला नव्हे, खालच्या रांगेतला संघ. आपल्या गोलासमोर उभं राहायचं आणि आलेल्याला परत पाठवायचं, एवढंच काम. गुडघा कुरकुरायला लागला, तसा त्या गावाने दुसरा बॅक आणला.

"साब, तुमने कितना गोल मारा?" पट्टा ओढत गुणाजीने विचारलं. दुखऱ्या माणसाचं लक्ष वळवायला काहीतरी विचारावंच लागतं.

साहेबाने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एक."

"नऊ साल में?"

"हां. अपने ही गोल में."

गुणाजी हसला नाही. बोटांखालची मांडी एकदम ताठ झाली होती.

तेवढ्यात कंपनीचा डॉक्टर आला. त्याच्या मागे हेडक्लार्क श्रीपादपंत, हातात कागद घेऊन. गेल्या पावसाळ्यात एका ड्रायव्हरचा निखळलेला खांदा गुणाजीने डॉक्टरदेखत बसवला होता. तेव्हापासून हाडाच्या बाबतीत डॉक्टर पुस्तकाआधी गुणाजीला विचारी. कुठे लिहीत मात्र नसे.

डॉक्टर इंग्रजीत काहीतरी बोलला. श्रीपादपंत वाकले.

"गुणाजी, साहेब विचारताहेत, हा पाय दीड तास धरेल का? तू हो म्हणालास की ते सही करतात. नीट बघून सांग रे बाबा, मला मध्ये नको अडकवूस."

बघायचं ते गुणाजीने बघितलंच होतं.

हाताचा गुण त्याला आईकडून आलेला. आवडाबाईकडे कळव्यापासूनचे लोक माणसं बैलगाडीत घालून आणत. मुलाला शिकवताना तिने दोनच अटी घातल्या. हाडाचा पैसा घ्यायचा नाही, आणि हाडाबद्दल खोटं बोलायचं नाही. बोललास त्या दिवशी गुण गेला. मग ती बोटं भाकरी मोडण्यापुरती.

बार्लोसाहेब गुणाजीकडे नुसता बघत राहिला. एवढा मोठा लालबुंद माणूस, पण नजर बिनतिकिटाच्या उतारूची.

"पाय बरा हाय," गुणाजी म्हणाला.

डॉक्टरने सही केली. श्रीपादपंतांनी ती टीपकागदाने टिपली.

बार्लो मैदानात फार पळाला नाही. पळणाऱ्यांना कुठे यायचंय ते त्याला त्यांच्याआधी कळे आणि तो तिथे जाऊन उभा असे. दीड तास पलटणीचे गोरे येत राहिले आणि परत जात राहिले. दोन्हीकडे एकही गोल झाला नाही. बघायला जमलेले लोक म्हणाले, आज काही झालंच नाही बुवा, आणि आपापल्या घरी गेले. सुपरिंटेंडंटसाहेबाने मात्र नाव लिहिलं.

बार्लो ताठ चालत शेडमागे आला, भिंतीला टेकला आणि खाली बसला. मग त्याला उठता येईना. दोघा खलाशांनी उचलून नेताना त्याने हात लांब करून गुणाजीचा हात धरला आणि हलवला. साहेबाने खलाशाचा हात हातात घेतलेला शेडने पहिल्यांदाच पाहिला.

"बघ, तू बोललास तसाच टिकला पाय!" शेजारचा गणू म्हणाला. "तुझा शब्द खरा झाला."

"झाला," गुणाजी म्हणाला. "बोललो तवा नव्हता."

गणूला काही उमगलं नाही. विचारायच्या आत उतारावरून ठमाबाई कण्हत आली. शेडमध्ये कोळशाच्या पाट्या वाहणारी बाई. सामना बघायला चढली होती, उतरताना घसरली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं.

"गुणाजी, बघ रे जरा. निखळलं वाटतंय."

लांबूनच त्याला कळलं. सोपं होतं. एक हिसका, की बसलं असतं.

"माझ्याकडं नको, मावशी. टिटवाळ्याला पंढरीबुवा हाय, त्याच्याकडं जा."

"टिटवाळ्याला? हा असा हात घेऊन? अरे, तू हायस की समोर! तुझे हात काय साहेबाबरोबर मुंबईला चालले?"

गुणाजीने दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, कोणी सांभाळायला दिल्यासारखे.

"हात इथंच हायत, मावशी," तो म्हणाला, आणि उठून तिच्यासाठी बैलगाडी बघायला गेला.