चौथ्यांदा आरसा

गुलाबनं सकाळपासून दुर्बिणीचा आरसा तिसऱ्यांदा धुतला. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, साबणाचा एक थेंब, कापसाचा बोळा. मागचे तीन स्क्रू फिरवून आरसा पुन्हा नीट बसवला आणि नळी दूरच्या पाण्याच्या टाकीवर रोखली. तरी टाकी धुरकटच.

"ही माजरीच्या खाणीची कोळशाची धूळ, मनू! आरसाच खाल्ला तिनं."

मनकर्णानं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात ह्याच नवऱ्यानं तिच्या सख्ख्या भावाला भर उन्हात, दहा पावलांवरून ओळखलं नव्हतं. आणि भावावर काही धूळ बसलेली नव्हती.

"तू पाहून सांग. तुलेबी धुरकटच दिसते ना? हो म्हण ना!" त्याला दुपारच्या पाळीला खाणीत डंपर चालवायला जायचं होतं. हेल्मेट खुंटीवर तयार होतं.

तिनं डोळा लावला. दुर्बिणीत जग उलटं दिसतं, हे त्यानंच तिला शिकवलेलं. उलट्या टाकीला उलटा कावळा लटकला होता. त्याच्या चोचीत काडी होती, आणि काडीला एक हिरवं पान.

"हो जी," ती म्हणाली, "धुरकटच हाय. धुवा अजून एक डाव."

त्याच्या जिवात जीव आला. तो पाणी आणायला मागच्या अंगणात गेला, तसं तिनं खुंटीवरचं हेल्मेट काढलं, लोखंडी पेटीत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली.