एकमत

आतड्याच्या सुजेला डॉक्टर शून्य ते तीन असा आकडा देतात. वॉर्डातल्या बस-ड्रायव्हरची सगळी औषधं करून झाली होती. आता तीन आला की मोठं आतडं काढून पोटाला शौचाची पिशवी. "पिशवी लागली तर स्टिअरिंग सुटलं माझं, सिस्टर," असं तो सकाळी म्हणाला, तेव्हापासून सिस्टरचं कशातच लक्ष नव्हतं.

चार डॉक्टरांनी त्याच्या आतड्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहून आपापल्या कागदावर आकडे लिहिले. एक, दोन, एक, एक. तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मोठे डॉक्टर फोन कानाला लावूनच आत आले.

"तीन," पडद्याकडे ओझरतं बघत ते म्हणाले. "यात बघायचंय काय? काढून टाका."

चारही माना डोलल्या. चारही कागदांवर खाडाखोड होऊन तीन झाले.

सिस्टरला राहवेना. "सर, त्याचा व्हिडिओ मघाशीच संपला. हा पुढच्या पेशंटचा चालू आहे."

"असं होय? मग लावा त्याचा."

व्हिडिओ पुन्हा सुरू झाला.



चौघे पेनं उघडून मोठ्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत बसले.